सर्जनचं संशोधन वाचा, मोजू नका

जगातल्या ‘अव्वल दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि पाठोपाठ आपल्याकडे बातम्या येतात: अमुक महाविद्यालयातले इतके प्राध्यापक झळकले, तमुक रुग्णालयातले इतके डॉक्टर झळकले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोअनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी करतात. त्यासाठी कुणाचं काम कुणी वाचत नाही. एखाद्याच्या पेपरचा इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा उल्लेख केला, म्हणजे त्याची सायटेशन्स किती, यावर सगळं गणित चालतं. या यादीच्या आधारानं एक युक्तिवाद आता वैद्यकीय महाविद्यालयांत चांगलाच रुजला आहे. सर्जन किती कुशल आहे हे त्याच्या रुग्णांना ठाऊक. पण संशोधक म्हणून तो किती मोठा हे जगानं ठरवायचं, आणि जगाचं मत सायटेशनमध्ये उमटतं. आकड्याला जात नसते, गाव नसतं, गुरू नसतो. वशिल्यानं पोखरलेल्या आपल्या व्यवस्थेत यापेक्षा न्याय्य कसोटी दुसरी कुठली?

या युक्तिवादामागची चीड खरी आहे. ज्यांना डावलून विभागप्रमुखाचा माणूस पुढे काढला गेला, त्यांना आकड्याचा आधार वाटावा हे मला पूर्ण समजतं. तरीही हा युक्तिवाद चूक आहे, आणि सर्जनच्या बाबतीत तर धोकादायक आहे. संशोधन करणाऱ्या सर्जनचा मोठेपणा एका गोष्टीत असतो. स्वतःच्या लाडक्या कल्पनेला तो खडतर परीक्षेला बसवतो आणि निकाल विरुद्ध गेला तरी छापतो. सायटेशनच्या आकड्याला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले स्तनकर्करोगाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांची वाटचाल पाहा. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांचा एक पेपर आला. पाळी चालू असलेल्या वयातल्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. शेवटच्या पाळीनंतर तिसऱ्या ते बाराव्या दिवसादरम्यान ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. इतर दिवशी शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच प्रमाण ८४ टक्के होतं. ऑपरेशन महिन्याच्या कुठल्या दिवशी झालं एवढ्यानं आयुष्याचा फैसला बदलतो, असं सुचवणारा हा निष्कर्ष होता. साहजिकच खळबळ उडाली. देशोदेशीच्या गटांनी आपापल्या नोंदी उपसल्या. काहींना तोच कल दिसला, काहींना काहीच दिसलं नाही, काहींना उलटं दिसलं. आणि यातल्या प्रत्येकानं, समर्थन केलं असो वा खंडन, बडव्यांच्या पेपरचा उल्लेख केला.

मोजणाऱ्यांच्या दृष्टीनं गोष्ट इथेच पूर्ण होते. पेपर गाजला, खात्यात भर पडली. एखाद्या महत्त्वाकांक्षी माणसानं पुढची वीस वर्षं त्याच निष्कर्षाच्या आवृत्त्या काढल्या असत्या: वेगळ्या रुग्णालयाच्या नोंदी, वेगळा वयोगट, एक समीक्षालेख, एक संपादकीय. ते सोपं होतं आणि त्यानं आकडा फुगला असता.

बडव्यांनी मुंबईत परतून दुसरा रस्ता धरला. जुन्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष किती फसवा असू शकतो याची जाण ठेवून त्यांनी प्रश्न असा मांडला: पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन असतं, तेच जर संरक्षण करत असेल, तर शस्त्रक्रियेआधी ते बाहेरून देऊन पाहू. एक हजार स्त्रिया चाचणीत घेतल्या. कुणाला इंजेक्शन मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी एकच इंजेक्शन, आणि मग वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. २०११ साली निकाल छापला: सगळ्या स्त्रियांचा एकत्र विचार करता ठोस फायदा दिसला नाही. ज्यांच्या काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचला होता त्यांच्यात मात्र पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण ६५.३ टक्के होतं, इंजेक्शन न मिळालेल्यांत ५४.७ टक्के.

हा निकाल दोन दशकांच्या पैजेचं स्वच्छ उत्तर नव्हता. उपगटातला फायदा नेहमीच सावधपणे वाचावा लागतो आणि जाणकारांनी तो तसाच वाचला. पण या माणसानं काय केलं ते पाहा. ज्या पेपरनं आपल्याला जगात नाव दिलं, त्याच्यामागची कल्पना त्यानं स्वतःच्या हातांनी परीक्षेला बसवली आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘सिद्ध झालं नाही’ असं आल्यावर तेही जगापुढे ठेवलं. कुठल्या एच-इंडेक्समध्ये याला जागा आहे? २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी हा निर्देशांक सुचवला: ज्याच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन्स आहेत, त्याचा निर्देशांक वीस. सचोटीचा रकाना त्यात नाही, ठेवताही येणार नाही.

तीच कल्पना पुढे वेगळ्या रूपात आली. शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात गाठीची हाताळणी होत असताना कर्करोगाच्या पेशींना पसरायला वाव मिळतो का, आणि त्या क्षणी काही करता येईल का? सुरी लावण्याआधी काही मिनिटं गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं, दंतवैद्य हिरडीत टोचतात तेच. देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे सोळाशे स्त्रिया, २०११ पासून दशकभर. २०२३ मध्ये निकाल छापला गेला: पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. दुसऱ्या गटाला साध्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, हा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. दुसऱ्या कुणीतरी ही चाचणी पुन्हा करायला हवी. पण ज्या औषधाची किंमत इतकी किरकोळ आहे, ज्याचं पेटंट नाही, ते रेटायला कुठलीही कंपनी पुढे येत नाही. महागड्या नव्या औषधाच्या चाचणीमागे त्याच्या स्पर्धक औषधांच्या चाचण्या येतात, समीक्षालेख येतात, परिषदा येतात, आणि या सगळ्यांत आधीच्या पेपरचा उल्लेख होत राहतो. लिग्नोकेनच्या वाट्याला ते नाही. कुठल्या प्रश्नाभोवती पैसा फिरतो, त्यावर सायटेशनचा मोठा हिस्सा ठरतो, हे आकडेवाल्यांनी एकदा कबूल करावं.

आता निष्फळ निघालेल्या उपचारांकडे येऊ, कारण माझ्या मते सर्जनची खरी कसोटी इथे लागते. रोग शरीरात इतरत्र पसरल्यावरही स्तनातली मूळ गाठ काढावी का, हा जुना वाद. २००२ साली अमेरिकेत डॉ. सीमा खान आणि सहकाऱ्यांनी १६,०२३ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की ज्यांची गाठ काढली त्या जास्त जगल्या. पेपर खूप गाजला, खूप उद्धृत झाला. अडचण उघड होती: सर्जन ऑपरेशनसाठी कुणाला निवडतो? जी मुळातच धडधाकट आहे, जिचा रोग कमी पसरलाय तिला. त्या जास्त जगल्या त्या ऑपरेशनमुळे की आधीच बऱ्या स्थितीत होत्या म्हणून? टाटा मेमोरियलमध्ये बडव्यांच्या गटानं ३५० स्त्रियांवर चाचणी केली, २०१५ मध्ये निकाल आला: गाठीवर उपचार केलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान १९.२ महिने, न केलेल्यांचं २०.५. तुर्कस्तानातल्या एका चाचणीत दीर्घ पाठपुराव्यानंतर फायदा दिसला, म्हणून वाद तिथेच संपला नाही. मग खुद्द सीमा खान यांनी अमेरिकेत चाचणी घेतली. तीन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ६८ टक्क्यांच्या आसपास. ज्या बाईंच्या गाजलेल्या पेपरनं आशा लावली होती, त्यांनीच ती आशा तपासून खाली ठेवली.

या दोन सर्जनांनी मिळून जगभरातल्या किती स्त्रियांची एक मोठी, वेदनादायक आणि जगणं न वाढवणारी शस्त्रक्रिया वाचवली असेल? ती आकडेवारी कुठेच साठत नाही. जी शस्त्रक्रिया झाली नाही तिची नोंद रुग्णालयाच्या वहीत नसते. ज्या सर्जननं निकाल वाचून आपली पद्धत बदलली, तो दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये जातो. पेपर लिहायला बसत नाही.

मोजण्याचा कैवार घेणाऱ्यांनी या मोजणीचा उगमही पाहावा. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात गुणवत्तायादी नव्हती. एखाद्या जुन्या पेपरवर पुढे कुणी टीका केली असेल तर ती अभ्यासकाला सापडावी, खोट्या किंवा कालबाह्य माहितीचा आंधळा उल्लेख थांबावा, हा त्यांच्या मांडणीचा एक स्पष्ट हेतू होता. टीका शोधण्याचं साधन म्हणून जे जन्मलं, त्यात आज टीकाही जमेच्या बाजूला लिहिली जाते. अँड्र्यू वेकफील्ड यांचं उदाहरण घ्या. शल्यचिकित्सेचं शिक्षण घेतलेल्या या माणसानं १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या पेपरात गोवरविरोधी एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. ब्रिटनमध्ये पालकांनी लस टाळली, गोवर परत आला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचा डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना गेला. त्या पेपरचा उल्लेख हजाराहून अधिक ठिकाणी झालेला आहे. बहुतेक ठिकाणी तो चूक होता असं सांगण्यासाठी. यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी हा वैद्यकातला अत्यंत प्रभावी पेपर.

कुणी म्हणेल, तो अपवाद झाला. मग सर्जन पाओलो माकियारिनी यांचं काय? मूळपेशी पेरलेल्या श्वासनलिकेचं प्रत्यारोपण केल्याचा पेपर २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, जगभर जयजयकार झाला, पाठोपाठ स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांना जागा मिळाली. तिथे त्यांनी प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. स्वीडनमध्ये ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांतलं कुणीही वाचलं नाही. कॅरोलिन्स्कातल्याच डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली तेव्हा सुरुवातीला संस्था माकियारिनींच्या पाठीशी उभी राहिली. पुढे पेपर मागे घेतले गेले, २००८ चा तो मूळ पेपरही २०२३ मध्ये, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या अपील न्यायालयानं त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. संस्थेनं धोक्याची घंटा वेळीच ऐकली नाही, त्यामागे कारणं अनेक होती. पण माणसाची कीर्ती, गाजलेले पेपर आणि मोठ्या नियतकालिकांची नावं यांनी डोळे दिपलेले होते, हे त्या सगळ्या प्रकरणातून लख्ख दिसतं. रुग्णांचे कागद कुणी बारकाईनं वाचले असते तर फार आधी कळलं असतं.

आता धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला चला. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमकुवत भागावर कृत्रिम जाळी बसवली की हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं, हे गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर मान्य झालं. पण कंपनीची जाळी शेतमजुराला परवडणारी नव्हती. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निवडलं. त्याचा धागा आणि कंपनीच्या जाळीचा धागा यांची जात जवळची, हे ओळखून त्यांनी ते निर्जंतुक करून वापरायची पद्धत बसवली. इतर ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेऊन चाचणी केली आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त पेपर छापला. पुढे बुर्किना फासो, घाना इथल्या सर्जनांनी अशा कापडावर काम केलं. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं युगांडातली ३०२ पुरुषांवरची चाचणी छापली: सुमारे एक डॉलरची मच्छरदाणीची जाळी आणि सुमारे सव्वाशे डॉलरची कंपनीची जाळी यांत वर्षभरानंतर काही फरक दिसला नाही.

सायटेशनच्या तराजूत २००३ आणि २०१६ च्या या दोन पेपरांना शेजारी ठेवलं तर कोण जड भरेल हे सांगायला मोजायची गरज नाही. मोठ्या नियतकालिकाचा पेपर सगळे वाचतात, सगळे उल्लेखतात. आणि दोंडाईच्याचं ज्ञान कसं पसरलं? ग्रामीण सर्जनांच्या परिषदेत एकानं दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्यानं टाके घालताना पाहिलं, चौथ्यानं आपल्या तालुक्यात करून पाहिलं. यातला एकही जण पेपर लिहीत नाही, त्यामुळे एकही सायटेशन जन्माला येत नाही. शल्यविज्ञानातलं बरंचसं ज्ञान असंच चालतं, हाताकडून हाताकडे. जिथे सगळ्यात जास्त उपयोग होतो तिथेच मोजपट्टी शून्य दाखवत असेल तर दोष मोजपट्टीचा आहे.

अर्थात काही वेळा आकडा आणि मोल जुळतात. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ दिसत नसली तरी मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी का, हा दशकानुदशकं रेंगाळलेला प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं २०१५ मध्ये सोडवला. तीन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण आधीच शस्त्रक्रिया केलेल्यांत ८० टक्के, इतरांत ६७.५. जगानं दखल घेतली, घ्यायलाच हवी होती. पण ही चाचणी २००४ मध्ये सुरू झाली होती. डॉ. इंद्रनील मित्रा यांची मुंबईच्या वस्त्यांमधली चाचणी तर १९९८ मध्ये सुरू झाली: दीड लाखाहून अधिक स्त्रिया, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं केलेली स्तनतपासणी, वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २०२१ मध्ये. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत जवळपास तीस टक्के घट. ज्या तरुण सर्जनला तीन-चार वर्षांत पदोन्नतीसाठी पेपर दाखवायचे आहेत, तो असल्या कामात हात घालील का? घालू नये असंच आपण त्याला सांगतो आहोत.

नुसतं सांगत नाही, नियमात लिहितो. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं ठरवलं की वैद्यकीय शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी पेपरवरच्या पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल. पुढे ही मर्यादा थोडी सैल झाली, पण विचार तोच राहिला. या नियमापुढे अकरा केंद्रांवरची लिग्नोकेनची चाचणी ठेवून पाहा. प्रत्येक केंद्रावर कुणी सर्जन रुग्णांना समजावून सांगत होता, संमती घेत होता, बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पाठपुरावा टिकवत होता. लेखकांच्या लांबलचक यादीत बाराव्या क्रमांकावर आलेल्या त्या माणसाला नियमाच्या दृष्टीनं काहीच मिळत नाही. दोन निवासी डॉक्टरांना हाताशी धरून पंचवीस रुग्णांची मालिका कुठेतरी पैसे भरून छापणाऱ्याला मात्र पूर्ण गुण.

आणि वशिला? आकडा आला म्हणून तो गेला नाही. त्यानं पत्ता बदलला. आपल्याकडे एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. त्यातून निघालेल्या पेपरवर मार्गदर्शकाचं नाव असतं, विभागप्रमुखाचं असतं, आणि अनेकदा ज्यांनी तो वाचलाही नाही अशांचंही असतं. खुर्चीवर जो जितकी जास्त वर्षं बसतो, तितके त्याच्या नावावर पेपर साचतात, सायटेशन्स साचतात, आणि मग तोच आकडा दाखवून तो पुढची खुर्ची मागतो. ज्या कनिष्ठाला आकड्यानं न्याय मिळेल असं वाटलं होतं, त्याचंच काम वरिष्ठाच्या आकड्यात जमा होतं. सत्तेला विज्ञानाचं प्रशस्तिपत्र मिळवून देणारी याहून सोयीची व्यवस्था मी पाहिलेली नाही.

‘मग करायचं काय? सगळं पुन्हा समितीच्या मर्जीवर सोडायचं?’ हा प्रश्न योग्य आहे. मर्जीवर सोडायचं नाही. समितीला कामाला लावायचं. उमेदवारानं स्वतःचे तीनच पेपर निवडून द्यावेत. प्रत्येकासोबत एक पान: प्रश्न काय होता, माझा वाटा नेमका कोणता, रुग्णांच्या उपचारात यानं काय बदललं किंवा काय थांबलं. चाचणीत रुग्ण नोंदवणं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवणं हा स्वतंत्र वाटा मानावा, लेखकांच्या यादीतला क्रमांक काहीही असो. परीक्षकांपैकी किमान दोघे त्याच शाखेतले आणि बाहेरच्या राज्यातले असावेत. त्यांनी पेपर वाचून सहीनिशी लेखी मत द्यावं आणि ते मत उमेदवाराला दाखवावं. ज्याला डावललं गेलं, त्याला आपल्याला का डावललं हे कागदावर वाचता येईल आणि त्याविरुद्ध दाद मागता येईल. आज त्याच्या हातात फक्त एक आकडा येतो, आणि आकड्याशी वाद घालता येत नाही. यासाठी दिल्लीहून नवा नियम यायची वाट पाहायचीही गरज नाही. एखाद्या विद्यापीठानं किंवा एखाद्या शासकीय महाविद्यालयानं आपल्या अंतर्गत मूल्यमापनात आणि पुरस्कारांच्या निवडीत येत्या वर्षापासून हे सुरू करावं.